कुंडीतल्या सफरचंदाची तहान

मी एक जुना बोन्साय आहे, मित्रांनो. जातीने सफरचंद, वयाने त्रेपन्न वर्षांचा. उंची विचाराल तर तुमच्या गुडघ्याहून जेमतेम चार बोटे वर. जपानात हिरोसाकीजवळच्या ज्या गावात डोंगरउतारावर सगळीकडे सफरचंदाच्याच बागा आहेत, तिथला मी. माझी भावंडे आभाळाकडे वाढत गेली. मी मात्र एका उथळ कुंडीत राहिलो.

मला घडवले ते सेइझो यांनी. ते बागायतदार. बांधावर उगवलेल्या एका रोपावर त्यांनी लिंबाएवढ्या फळांच्या जातीचे कलम बांधले. कारण झाड खुजे करता येते, पाने खुजी करता येतात, पण फळ काही केल्या खुजे होत नाही. मग दर एकदोन वर्षांनी वसंतात मला कुंडीतून उपसायचे, मुळे छाटायची, नवी माती भरायची. फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून हव्या त्या बाजूला वळवायचे. दुखायचे. पण सवय होते. माझी डावीकडची खालची फांदी पाण्यावर ओणवल्यासारखी झुकवायला त्यांनी अकरा वर्षे घेतली.

फळांच्या बाबतीत त्यांचा नियम कडक होता. "नऊ. दहावं फळ म्हणजे हावरटपणा," असे म्हणत ते जास्तीची फळे वाटाण्याएवढी असतानाच कात्रीने टिपून टाकत. फळ वाढवणे म्हणजे अंगावर पाजण्यासारखेच असते. आईच सुकली तर कसे चालेल?

शरद ऋतूतल्या प्रदर्शनात मी नऊ लाल फळे घेऊन उभा राहिलो की माणसे थबकत. "सेइझो-सान, हे झाड आहे की चित्र!" असे कुणी म्हणाले की ते लाजून मान खाली घालत. त्यांची पत्नी किकुए मागे उभी असे. या झाडाला पाणी कोण घालते, असे कोणी कधी विचारले नाही.

पाणी किकुए घालत असे. नुसते पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षे लागतात, असे आमच्याकडे म्हणतात. ती बोटाच्या पेराने कुंडीवर टकटक करी आणि आवाजावरून ओल ओळखी. उन्हाळ्यात दिवसातून तीन वेळा. वसंतात बागेतल्या दुसऱ्या सफरचंदाच्या फुलांतले पराग ती कुंचल्यावर टिपून आणी आणि माझ्या फुलांना लावी, कारण माझ्याच परागांनी मला फळ धरत नाही. एवढ्या वर्षांत उन्हाळ्यात ती एक दिवसही परगावी राहिली नव्हती.

मग एका ऑगस्टमध्ये तिच्या माहेरून, हाकोदातेहून फोन आला. किकुएची थोरली बहीण फुमियो आजारी होती.

"मी चार दिवस जाऊन येऊ का?" किकुएने विचारले.

सेइझो माझ्या बुंध्यावरचे शेवाळ काढत होते. "जा की. पण हे ऊन बघतेस ना? मी दिवसभर बागेत असतो, आणि याला तुझ्याच हाताची सवय. पितरांचा ओबोनचा सण होऊ दे, ऊन उतरू दे, मग जा. ताई काय कुठे पळून चालल्यात?"

ती थांबली. सणानंतर तिसऱ्या दिवशी दुसरा फोन आला आणि किकुए शोकाचे काळे कपडे घालून गेली. परतली तेव्हा तिने आधी माझ्या कुंडीवर टकटक केली.  बहिणीविषयी ती पुढची सहा वर्षे काही बोलली नाही. पण त्या पाण्याबरोबर काहीतरी कडू माझ्या मुळांशी उतरत असे, असे मला वाटे. माझाच दोष होता का? मला तर चालताही येत नव्हते.

सातव्या वर्षी, बर्फ वितळत असताना, सेइझो यांना झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. ते खिडकीशी बसून राहू लागले. तार सोडवायची राहिली आणि ती माझ्या सालीत रुतू लागली. त्या वर्षी मला चौतीस फळे धरली.

किकुए कात्री घेऊन आली, तोच खिडकीतून आवाज आला. "नको! राहू दे सगळी."

"अहो, चौतीस आहेत. पेलणार नाहीत त्याला."

"पेलेल. यंदाचं प्रदर्शन... शेवटचं माझं. लोकांनी बघू दे."

"तुम्हीच म्हणायचात ना, दहावं फळ म्हणजे हावरटपणा?"

"माझं झाड आहे!" सेइझो ओरडले. त्या जड जिभेतून एवढे शब्द मात्र स्वच्छ बाहेर पडले.

किकुएने कात्री खिशात टाकली.

ऑगस्ट आला. फुमियोचा स्मृतिदिन होता. सकाळी किकुएने चांगले कपडे घातले. शेजारच्या हारुएला तिने सेइझो यांच्या जेवणाचे आणि औषधाचे सांगितले, रात्री त्यांच्याकडे झोपायला सांगितले. आगगाडीने ती हाकोदातेला निघाली. जाताना ती माझ्यापाशी थांबली. कुंडीवर तिने टकटक केली नाही. माझ्याविषयी हारुएला ती एक शब्दही बोलली नव्हती.

मित्रांनो, दहा वाजता माती सुकली. दुपारी कुंडी तव्यासारखी तापली. चौतीस फळे माझ्याकडे पाणी मागत होती आणि मी ते पानांतून ओढून त्यांना देत होतो. पाने कडेने वळली. डावीकडच्या फांदीच्या टोकाला काय चालले आहे, ते मला कळेनासे झाले.

तेव्हा सरकते दार उघडले. काठी टेकत, पाय ओढत सेइझो बाहेर आले. पाण्याच्या पिंपातून त्यांनी डाव्या हाताने ओगराळे भरले. आणि मग त्यांना कळले की आता काठी धरायला हात नाही. काठी टाकून ते भिंतीला खांदा घासत निघाले. माझ्यापर्यंत येईतो निम्मे पाणी सांडले. ते परत गेले. पुन्हा आले. किती फेऱ्या झाल्या, मी मोजल्या नाहीत. शेवटी ते माझ्याजवळ जमिनीवरच बसले आणि डाव्या हाताने माझी फळे एकेक करून तोडू लागले. नऊवरही थांबले नाहीत. सगळी तोडली.

जेवण घेऊन आलेली हारुए किंचाळलीच. "अहो सेइझो-सान, हे काय! मला हाक नाही का मारायची?"

"दिवसातून तीन वेळा," सेइझो म्हणाले. ते रडत होते. "चाळीस वर्षं... तीन वेळा."

दुसऱ्या दिवशी किकुए आली. कोवळी फळे तिने पाहिली, भिंतीवरचा ओरखडा पाहिला, नवऱ्याच्या सोललेल्या खांद्याला मलम लावले.

"मुद्दाम घातलं नाही मी पाणी," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मेलं असतं तरी चाललं असतं मला. काल चाललं असतं."

 सेइझो म्हणाले, "तेव्हा तुला जाऊ द्यायला हवं होतं. ताईंना... भेटायला."

"हो. द्यायला हवं होतं," किकुए म्हणाली. काही हरकत नाही, असे ती म्हणाली नाही.

अकरा वर्षे घेऊन झुकवलेली ती फांदी वाचली नाही. किकुएने स्वतः करवत घेऊन ती कापली आणि सालीत रुतलेली तार तुकड्या-तुकड्याने काढली. माझा तोल गेला. आता कोणतेही प्रदर्शन मला घेणार नाही. पुढच्या वसंतात, सेइझो यांनीच सांगितल्यावरून, तिने मला कुंडीतून काढून बागेच्या बांधावर जमिनीत लावले. मला भीती वाटली. एवढ्या मोठ्या मातीत मुळांनी जायचे तरी कुठे?

त्या ऑगस्टमध्ये ती दोघे नऊ दिवस हाकोदातेला होती. सेइझो यांना चाकांच्या खुर्चीतून नेले होते. मला कोणी पाणी घातले नाही. खूप तहान लागली, पण ओल खाली होती. मुळे तिच्यापर्यंत पोचली. मी जगलो.

मित्रांनो, कुंडीत झाड वाढवू नका, असे मी म्हणणार नाही. माझ्यावर माया होती, आणि नऊ फळांचा तो थाट मला आवडत असे. पण एखादे देखणे झाड पाहिलेत की त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडेही पाहा. त्याचे गाव कुठे आहे ते विचारा. त्याला तिकडे जायचे असेल, तर हातातली झारी तुम्ही घ्या, आणि ऊन उतरण्याची वाट पाहू नका.