पाणीयोजनेचे रोखे

तिने पायडलवरचा पाय थांबवला, कारण ती शिवत असलेल्या पडद्यावरच नवऱ्याने रोख्यांच्या भावाचा कागद आणून ठेवला होता.

“वाच. शंभराचे पंच्याण्णव झाले.”

तिने आधी सुई वर घेतली, मग कागद हातात घेतला. पाणीयोजनेचे रोखे तिने चार वर्षांपूर्वी घेतले होते. शहराला नवे जलशुद्धीकरण केंद्र बांधायचे होते, नगरपालिकेने लोकांकडूनच कर्ज मागितले, आणि पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवून साठवलेले सगळे तिने देऊन टाकले. सात वर्षांनी मुद्दल परत, तोवर दर सहा महिन्यांनी व्याज. त्या मुद्दलावर तिची सगळी भिस्त होती. कोपऱ्यावरच्या दुकानाची मालकीण तेवढ्याच अनामत रकमेवर तिला गाळा द्यायला तयार होती, आणि मुदत संपेपर्यंत थांबायलाही. गाळ्याला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी होती. लग्नापासून ती दाराजवळच्या बोळात, दिव्याखाली शिवत आली होती. आता सुईत दोरा ओवता ओवता तिच्या नाकी नऊ येत.

“पैसे पाण्यात गेले म्हणतात ते हेच,” नवरा म्हणाला. “उद्या नव्वद होतील, परवा ऐंशी. कुणावर विश्वास ठेवलास तू? ज्यांना साधा मीटर नीट चालवता येत नाही त्यांच्यावर?”

मीटरची कथा गल्लीला पाठ होती. नवरा घड्याळे दुरुस्त करायचा. घरच्या पाण्याचा मीटर पुढे धावतो हे त्याने नुसत्या कानाने ओळखले होते, आणि कुणी येऊन तो तपासेपर्यंत एक पैसा भरणार नाही असे जाहीर केले होते. तपासायला कुणी फिरकले नाही. बिले घरातल्या भिंतघड्याळामागे साचत गेली. तिने तो विषय काढणे केव्हाच सोडून दिले होते.

“आजच विकून टाकू,” तो म्हणाला. “हाताला लागेल ते आपलं.”

रोख्यांच्या कचेरीत तिने विक्रीचा फॉर्म मागितला. काउंटरवरच्या मुलीने तो दिला, पण हातातून सोडला नाही.

“काकू, पैशांची लगेच गरज आहे का?”

“नाही गं. पण कमी व्हायला लागलेत ना.”

“कमी झाली ती आज विकायची किंमत. तुम्हाला शंभरावर सहा व्याज मिळतं. आता बाजारात आठ देणारे नवे रोखे आलेत. मग तुमचा सहावाला पूर्ण शंभराला कोण घेईल? पाच कमी केले तर घेईल. एवढंच झालंय.”

“आणि नाही विकले तर?”

“तीन वर्षांनी पूर्ण शंभर. तोवर तुमचं व्याज ठरलंय तसं येत राहणार.”

नवऱ्याने घसा खाकरला. “आणि नगरपालिकेने हात वर केले म्हणजे?”

“मग बुडतील,” मुलगी सरळच म्हणाली. “जोखीम आहेच काका, नाही कशाला म्हणू? महागाई वाढली तर त्या शंभरात आजच्याइतकं येणारही नाही. पण हे कर्ज पाणीपट्टीतून फिटतं. लोक पाणीपट्टी भरतायत तोवर फारशी काळजी नाही.”

नवऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि ते दोन मिनिटे मागे असल्याचे सांगितले.

तिने फॉर्म घडी करून पिशवीत टाकला.

“आधी बघून येऊ,” ती म्हणाली.

“काय बघायचंय?”

“ज्याला दिलेत ते.”

शुद्धीकरण केंद्र शहराबाहेरच्या टेकडीवर, बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे होते. फाटकाशी पंपचालक आपला डबा धूत होता. “माझे पैसे आहेत हो इथे,” असे तिने सांगितल्यावर तो हसला, पण त्याने त्यांना आत नेले.

एवढे पाणी एका जागी, इतके गप्प, तिने कधी पाहिले नव्हते. हौद गोल होता आणि इतका मोठा, की पलीकडच्या काठावरचा कामगार बोटाएवढा दिसत होता. मधोमध वर येणारे पाणी गढूळ होते. काठाकडे येता येता ते निवळत जाई, आणि अगदी काठाशी त्यातून भिंतीवरचा प्रत्येक सांधा दिसे. काठाला करवतीसारखे दाते होते. दर दोन दात्यांमधून एकेक बारीक धार खाली पडत होती. नवरा वाकून ते दाते न्याहाळत राहिला.

“सगळे एका मापाचे आहेत,” तो स्वतःशीच पुटपुटला.

“यातलं माझं कुठलं?” तिने पंपचालकाला विचारले.

“सगळ्यातच थोडं थोडं, ताई. तुमचं, आणि तुमच्यासारख्या पुष्कळांचं.”

ती कठडा धरून उभी राहिली. म्हणजे तिचे पैसे कुठल्या तिजोरीत नव्हतेच. ते केव्हाच खर्चून गेले होते, या भिंतींत, नळांत, दात्यांत. आणि तरीही ते परत यायचे होते. कुणी भांडी घासेल, कुणी बाळाला न्हाऊ घालेल, इस्पितळात कुणी हात धुवेल, आणि त्या एकेका नळामागून चार पैसे निघून तिच्यापर्यंत पोचतील. तिला कधीही न पाहिलेली माणसे तिची खिडकी उघडून देणार होती. तिला भरून आले. चार वर्षे आपण नुसती व्याजाची तारीख बघत बसलो, याचे तिला हसूही आले.

“आणि जे बिल भरत नाहीत त्यांचं काय?” हे नवऱ्याने विचारले.

“असतो की प्रत्येक गल्लीत एखादा शहाणा,” पंपचालक म्हणाला. “लगेच नळ तोडत नाही आम्ही. घरात लेकरंबाळं असतात. बाकीचे ओढतात त्याचा भार.”

तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढे तिला कळले होते.

घरी आल्यावर तिने पिशवीतला फॉर्म काढला, आणखी एक घडी घातली आणि मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला. मशीन स्थिर झाले. मागच्या अंगणात नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तिने डोकावून पाहिले. माप लिहिलेली बादली नळाखाली होती आणि नवरा डोळ्याला भिंग लावून मीटरपुढे उकिडवा बसला होता. बादली भरली. त्याने दुसरी लावली, मग तिसरी.

बऱ्याच वेळाने तो हात पुसत आत आला. भिंतघड्याळामागची बिले काढून त्याने शर्टाच्या खिशात कोंबली.

“तुझं व्याज कधी येतं?”

“पंधरा तारखेला.”

“पाणीपट्टीची खिडकी पाचपर्यंत उघडी असते ना?”

“असते.”

दारात चपला घालताना तो थांबला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, “मीटर पुढे धावत नाही. मागे पडतोय. तेही सांगावं लागेल त्यांना.”

“बरं.”

तो दोन पावले गेला आणि मागे वळला.

“आणि त्या बादल्यांतलं पाणी सांडू नकोस.”