उसना गळा

माझ्या पोराला मार खाताना मी इतक्यांदा पाहिलं आहे की मारणारा कोण, इकडं आता माझं लक्षही जात नाही.

गजेंद्र मल्याळी सिनेमात काम करतो. चांदूर रेल्वेहून केरळात गेला तो फरशी घासायच्या मशीनवर. तिथं कुठल्याशा सिनेमावाल्यांना हिंदी बोलणारा उंच माणूस हवा होता. अमरावतीला कॉलेजात असताना याला नाटकाचं वेड होतंच, हा जाऊन उभा राहिला आणि तिकडचाच झाला. त्यांची भाषा शिकला, वाचायलाही शिकला. पण काम मिळतं ते एकच. बाहेरून आलेला मजूर. कधी चोर, कधी पोरगी पळवणारा, कधी काहीच न केलेला, नुसता संशयातला. हिरो येतो, याच्या कानाखाली वाजवतो आणि लोक शिट्ट्या मारतात.

हे मला घरबसल्या कळायचं ते शेजारच्या नत्थुजींमुळे.

"गोदावैनी, या इकडं! आज तुमच्या गज्याले चिखलात लोळवला!"

मोबाइल पुढं यायचा. त्यावर गजेंद्र चिखलात, आणि वर कोणीतरी जोडलेलं हसण्याचं संगीत. ओट्यावरची माणसं पोट धरून हसायची.

"तुमचा श्याम काय करते, भाऊजी?" मी विचारायची.

"दुकानात बसते."

"त्याले कोणी दोन ठेवून देल्या तर त्याचाही व्हिडिओ आणजा."

यंदा अकोल्याच्या मल्याळी लोकांनी ओणमला गजेंद्रला बोलावलं. जठारपेठेतल्या एका हॉलमध्ये त्याचा नवा सिनेमा दाखवायचा आणि मग सत्कार. मी म्हटलं, मीही येते. मला सिनेमा पाहायचा नव्हता. मला पोराचं बोलणं ऐकायचं होतं. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की गावातले गडी एकावर एक यमक जुळवलेल्या झडत्या म्हणतात, तेव्हा गजेंद्रनं तोंड उघडलं की बाकीचे आपोआप थांबायचे. असा आवाज. मोबाइलवरच्या त्या चिखलात तो कधी ऐकू आलाच नव्हता.

सिनेमा सुरू झाला. हिरोनं गजेंद्रची कॉलर धरली. गजेंद्रनं तोंड उघडलं आणि आतून बारीक, नाकातला, रडका आवाज आला.

मी शेजारी बसलेल्या पोराचं मनगट धरलं. "हा कोण बोलून राहिला?"

"मीच हाय, माय."

"तोंड तुह्यं हाय. बोलून कोण राहिला?"

"डबिंग हाय ते. दुसरा माणूस बोलते. चूप बस."

"काहून? तुले त्याइची भाषा येत नाही?"

"येते. पण डायरेक्टर म्हणते, तुहा आवाज भारी पडते. मार खाणाऱ्या माणसाचा आवाज असा नसते."

पुढचा सिनेमा मी पाहिला नाही.

मग शाल झाली, नारळ झाला. मागून पोरं ओरडली, "डायलॉग! डायलॉग!" डायलॉग म्हणजे, गजेंद्रनं मागून सांगितलं, सिनेमात हिरोचे पाय धरून म्हटलेला. मारू नका साहेब, मी गरीब माणूस आहे. गजेंद्रनं माइक घेतला आणि आपल्या आवाजात म्हटला. हॉल गप्प झाला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ऐसा नहीं भाई! फिल्म में जैसा है, वैसा!"

आणि माझ्या पोरानं गळा आवळला. खांदे आत घेतले. त्या परक्या माणसासारखं बारीक रडायला लागला. जमलं नाही. लोक हसले. त्यानं पुन्हा केलं. आपल्याच तोंडची वाक्यं, आपल्यालाच जमेनात! मग जमलं, तशी टाळी पडली.

"बंद कर!" मी उभी राहून ओरडले.

मल्याळी मंडळींचे म्हातारे सेक्रेटरी पाण्याचा पेला घेऊन धावत आले. "अम्मा, बसा. गंमत आहे ही."

"तुमच्या पोराले उभं करा अन् रडवा दुसऱ्याच्या आवाजात. मंग मीही हासतो."

गजेंद्रनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. रस्त्यावर त्याचं तोंड लाल झालेलं.

"माय, इज्जत घालवली तू माही!"

"कोणती? कानाखाली वाजते ती?"

"त्याच्यावर पोट हाय माह्यं!"

"पोट त्या बोलणाऱ्याचं भरते. तू नुसता जबडा हालवतं."

"मंग काय करू मी?" तो ओरडला. "सांग न! काय करू?"

समोरचा रसवंतीवाला चरक सोडून पाहायला लागला. सायकलवरचा माणूस पाय टेकून थांबला. पार चौकापर्यंत गेला असेल तो आवाज. पोळ्याचा आवाज.

"असा बोल," मी म्हटलं. "त्याइले बोल."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुढच्या सिनेमाचा मॅनेजर होता. गजेंद्रचा राग अजून तसाच होता, त्या रागातच तो बोलायला लागला. मल्याळी मला कळत नाही. मधूनमधून डबिंग, डबिंग एवढंच कळत होतं. त्यानं आवाज एकदाही खाली आणला नाही. मग फोन ठेवला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला.

"काय म्हणे?"

"म्हणे, तुहाच आवाज पायजे तर तुह्या जागी दुसरा माणूस पाहतो."

"पाहू दे," मी म्हटलं. माझा राग तसूभरही उतरला नव्हता, पण आता तो पोरावर नव्हता.

रात्रीच्या गाडीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी मोबाइल नाचवत आले. "गोदावैनी, आज तर तुमीच! साऱ्या ग्रुपवर फिरून राहिल्या!"

हॉलमध्ये कोणीतरी काढलं होतं. मी उभी, हात वर, तोंड उघडं.

"गाणं-बिणं लावलं का त्याच्यावर?"

"नाई. तुमचाच आवाज हाय. खणखणीत."

गजेंद्र आत पडून होता. काम गेलेला माणूस झोपतो तसा, भिंतीकडे तोंड करून.

"मंग वाढवा, भाऊजी," मी म्हटलं. "पुरा वाढवा. आतपर्यंत गेला पायजे."