खिडकीतली खुंटी

मित्रांनो, माझ्या गोष्टीची सुरुवात एका पत्राने होते. आमच्या कचेरीत आलेल्या त्या पत्राला कारकून धोंडीरामकाकांनी कितीतरी दिवस उत्तर दिले नव्हते. पत्र माझ्याविषयी होते आणि ते नेमके माझ्याखालीच दडपून ठेवलेले होते. लाकडाला काही टोचत नाही म्हणतात. मला ते टोचायचे.

पण आधी मी कोण ते सांगायला हवे. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी एक जुनी सागवानी फळी आहे, जेवायच्या पाटाएवढी. माझ्या अंगावर पन्नास भोके आहेत आणि प्रत्येक भोकासाठी एक लाकडी खुंटी. पंचवटीत भोवरे आणि लाटणी करणाऱ्या खंडेराव नावाच्या कारागिराने मला घडवले. तो प्रत्येक खुंटी घासून, भोकात बसवून, कान देऊन ऐकायचा. “बसली की टक् वाजली पाहिजे,” तो म्हणायचा. “नाही वाजली तर समजायचं, आपलं काम अर्धं आहे.”

तिथून मी सातपूरच्या एका कारखान्यात आले. तिथे विजेची बटणे जोडतात. बटणातले स्क्रू आणि पट्ट्या इतक्या बारीक, की जोडणाऱ्याची बोटे चपळ लागतात. म्हणून नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींपुढे मला ठेवत आणि ठरलेल्या वेळात सगळ्या खुंट्या बसवायला सांगत. जुने साहेब परीक्षेआधी स्वतः खुंट्या मोजत. माझ्यावर बोटे फिरवून कामाला लागलेल्या बायका पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिल्या. येता-जाता कुणी म्हणे, “हिनेच लावलं ग मला नोकरीला.” ते माझे चांगले दिवस होते.

साहेब निवृत्त झाले आणि अश्विन सर आले. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा. उमेदवार सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसत. मग संगणकावर प्रश्न, मग मुलाखत आणि सर्वांत शेवटी, पोटात कावळे ओरडत असताना, मी. सर घड्याळ चालू करून लॅपटॉपमध्ये डोके घालत. उमेदवाराने “झालं” म्हटले की घड्याळ बंद. माझ्याकडे बघायचे कुणी नाही. निकाल विचारला तर “कळवू.” कळवत मात्र कुणालाच नसत.

एका दुपारी वारा सुटला आणि खिडकीची झडप आपटू लागली. सर फोनवर बोलत होते. बोलता-बोलताच त्यांनी माझ्या डब्यातली एक खुंटी उचलली आणि झडपेच्या फटीत ठोकून बसवली. आवाज थांबला. ती खुंटी तिथेच राहिली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे पन्नासावे भोक कितीतरी दिवस भरले नाही. आणि खरी चीड मला पुढच्या गोष्टीची येते. उमेदवार दोन तऱ्हेचे निघाले. काही जण खुंटी नाही असे दिसताच कोपऱ्यातल्या रिकाम्या भोकावर तळहात ठेवून “झालं सर” म्हणत. ते पास होत. बाकीचे खुंटी शोधत बसत. डबा उपडा करत, मांडीखाली बघत, ओढणी झटकत. त्यांना वाटे, आपल्याच हातून पडली. त्यांची वेळ संपे आणि कागदावर शेरा पडे, ‘अपूर्ण’. पुढे कारखान्यातून एक स्क्रू कमी असलेली बटणे निघू लागली, तेव्हा सगळ्यांना नवल वाटले. मला नाही वाटले.

एकलहऱ्याची अंजली दोन बस बदलून आली होती. तिची बोटे माझ्यावरून अशी फिरली, की खंडेरावाची आठवण यावी. एकोणपन्नास खुंट्या बसल्या तेव्हा बराच वेळ उरला होता. तिने डब्यात पाहिले, एकदा खाली वाकून पाहिले आणि शांतपणे सांगितले, “सर, एक खुंटी कमी आहे.”

सरांनी मान वर केली नाही. “बाकीच्यांना कशी पुरते मग?”

मला तोंड असते तर उत्तर मी दिले असते. खुंटी सरांच्या डोक्यामागेच होती. अंजली बाहेर पडताना दारात वळली, तिची नजर खिडकीवर गेली, पण तोवर आत पुढचा उमेदवार शिरला होता.

नंतर तिने फोन केले, ईमेल केला. ईमेलला ‘आपला संदेश मिळाला’ असे यंत्राने आपोआप पाठवलेले उत्तर गेले. मग तिने पत्र लिहिले. कारखान्याचे टपाल धोंडीरामकाका उघडत. ते इथले म्हातारे कारकून, निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या कराराने ठेवलेले. वाचनालयाचे पुस्तक डब्याला टेकवून जेवणारे आणि प्रत्येक वाक्याआधी “माझं चुकतही असेल” म्हणणारे. काका तोंडातल्या तोंडात वाचतात, म्हणून मला पत्र ऐकू आले.

‘घरी सगळे म्हणतात, माझा हात जड आहे. आता दुसरीकडे अर्ज करायचीही हिंमत होत नाही. नोकरी दिली नाही तरी चालेल. पण माझा हात जड होता की खुंटी कमी होती, एवढे कळवावे. खिडकीत एक खुंटी दिसली. ती त्यातलीच आहे का?’

खोलीत कुणी नव्हते. काकांनी खिडकीतली खुंटी उपसली आणि माझ्या रिकाम्या भोकात बसवली. टक्. किती दिवसांनी मी पुरी झाले! मग झडप आपटली. ते दचकले, त्यांनी इकडेतिकडे पाहिले, खुंटी काढली आणि पुन्हा खिडकीत लावून टाकली. पत्र माझ्याखाली सरकवले.

तेव्हा मला त्यांचा जो राग आला, तो शब्दांत मांडता येणार नाही. उत्तराचे कागद ते लिहीत आणि फाडत. एकदा सरांसमोर जाऊन उभेही राहिले. “साहेब, माझं चुकतही असेल...” सर म्हणाले, “मग नंतर सांगा.” काका परत आले. बाकावर नवे उमेदवार येत राहिले, खुंटी शोधत राहिले, ‘अपूर्ण’ होत राहिले.

मग सुरगाण्याचा सोमनाथ आला. पहाटेच्या जीपने निघालेला, नवा शर्ट घातलेला. त्यालाही एक खुंटी मिळेना. तो सरळ जमिनीवर रांगत टेबलाखाली शिरला. काका सह्यांचे कागद घेऊन दारात आले, तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते.

“वेळ संपली,” सर म्हणाले. “पुढच्याला पाठवा.”

सोमनाथ बाहेर आला. गुडघ्यांना धूळ, हात जोडलेले. “सर, माझ्याच हातून पडली असंल. नाय सापडत. तुमची वस्तू हरवली, माफ करा.”

काका दारातून आत आले. खिडकीपाशी गेले, खुंटी उपसली आणि सरांच्या लॅपटॉपवर ठेवली. झडप धाडकन आपटली.

“याने नाही हरवली,” काका म्हणाले. “तुम्ही लावलीत. आणि मला माहीत होतं.”

सरांनी खुंटीकडे पाहिले, माझ्या रिकाम्या भोकाकडे पाहिले. “काका, मग इतके दिवस का नाही सांगितलं?”

“सांगायला हवं होतं.” या वेळी ‘चुकतही असेल’ नव्हते.

सर कपाळ चोळत म्हणाले, “आता कुणाकुणाला परत बोलवायचं?”

“सगळ्यांनाच. आधी हा समोर उभा आहे तो. मग एकीने पत्र पाठवलंय.”

सोमनाथने पुन्हा सुरुवात केली. या वेळी सर लॅपटॉप मिटून बघत होते. पन्नासावी खुंटी टक् वाजली तेव्हा तो हसला नाही, त्याने फक्त गुडघे झटकले.

त्या संध्याकाळी काकांनी मला पिशवीत घातले. खंडेरावाकडून दोन जास्तीच्या खुंट्या करून घ्यायच्या होत्या. वरच्या कप्प्यात अंजलीला लिहिलेले उत्तर होते. ते लिहिताना काका पुटपुटले, तेवढेच मला ठाऊक: ‘तुमचा हात जड नाही. खुंटी खिडकीत होती. उत्तराला उशीर माझ्यामुळे झाला. परीक्षेला पुन्हा या.’ खाली सरांची सही आणि कारखान्याचा शिक्का. फोनही लावता आला असता, पण पत्राला पत्रच जावे, असे त्यांना वाटले.

मित्रांनो, मी साधी फळी, तुम्हाला काय शिकवणार? एवढेच मागते. खेळाचा डबा दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एकदा मोजून बघा. कुणी म्हणाले ‘एक कमी आहे’, तर मान वर करा. आणि तुमच्या हाताला काही कमी पडले, तर लगेच स्वतःलाच दोष देत टेबलाखाली शिरू नका. आधी विचारा.

सातपूरच्या टपालपेटीपाशी काका थांबले. पत्र फटीत अर्धे सरकवून तसेच उभे राहिले. मला वाटले, आता परत ओढतात. मागून कुणीतरी म्हणाले, “काका, टाकताय ना?”

काकांनी बोटे सैल केली. पत्र आत पडले. आवाज अगदी लहान होता, पण पिशवीतून मला स्वच्छ ऐकू आला.