सतरा नंबरची पांढरी रोपं

सतरा नंबरच्या कुंडीत पहिलं रोप वर आलं, तेव्हा तिला वाटलं मातीवर दोऱ्याचा तुकडा पडलाय. काढायला तिने बोट पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं. दोरा नव्हता तो. वाकून बाहेर येणारं पान होतं, केसासारखं बारीक आणि पांढरंफेक.

लिलीचं रोप आधी गवताच्या पात्यासारखं दिसतं हे तिला ठाऊक होतं. पण पातं हिरवं असायला हवं. चार दिवसांत चौदा रोपं आली. दहा हिरवी, चार पांढरी.

बी आईच्या हातचं होतं, शेवटचं. आईने तीस वर्षं रक्ताच्या प्रयोगशाळेत पेशी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर त्याच शिस्तीत गॅलरीत लिली लावली. एका फुलाचे पराग ब्रशने दुसऱ्याला लावायचे, वर चांदीच्या कागदाची इवलीशी टोपी घालायची, देठाला नंबर बांधायचा. "कांदा लावला तर तेच फूल येतं गं," ती म्हणायची, "बीमधून कोण येईल सांगता येत नाही." सतरावी शेंग पिकली तेव्हा आई दवाखान्यात होती. लेकीने कागदासारख्या चपट्या बिया एकेक करून उजेडाला धरल्या, आत गर्भाची रेघ दिसली तेवढ्याच निवडल्या आणि आईला फोनवर आकडा सांगितला.

"पेरून टाक. मी येईपर्यंत उगवतील."

उगवल्या. आई आली नाही.

तिने रोपांचा फोटो काढून रोपवाटिकावाल्याला पाठवला. आई त्याला रोपमास्तर म्हणायची, आणि खरोखर तो मास्तरासारखाच बोलायचा.

"ताई, पांढऱ्यांचा नाद सोडा."

"म्हणजे?"

"अंगात हिरवा रंग नाही, म्हणजे घरात चूलच नाही. बीमधून शिदोरी आणलीय तेवढी खातील. दोन-तीन आठवडे. मग आटोपलं."

"काहीच करता येत नाही?"

"तुमच्या आईंनी हे विचारलं नसतं," तो म्हणाला, आणि लागलीच सावरून घेतलं, "अहो, हिरवी दहा आहेत की! ती जपा."

जपायला ती जपतच होती. सकाळी ऊन सरकेल तशी कुंडी सरकवायची, पाणी फवाऱ्याने द्यायचं, वाऱ्याला पुठ्ठा आडवा लावायचा. पण शिदोरी हा शब्द डोक्यातून हलेना. शेवटच्या आठवड्यात आईला गिळवत नव्हतं, तेव्हा ती चमच्याने ग्लुकोजचं पाणी पाजायची. अर्धा चमचा आत, अर्धा हनुवटीवर. डबा अजून फडताळात होता. तिने वाटीभर पाण्यात चिमूटभर पूड विरघळवली आणि ड्रॉपरने चारही पांढऱ्या रोपांच्या बुडाशी थेंब थेंब सोडलं. मग हे रोजचंच झालं. सोबत राहणाऱ्या मावशीला, आईच्या धाकट्या बहिणीला, तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते स्वतःलाही ऐकू आलं असतं.

चौथ्या दिवशी मावशी गॅलरीतून ओरडली, "अगं, कुंडीला मुंग्या कशा लागल्या? साखर पेरलीस की काय?"

"असतील कुठल्या तरी," ती म्हणाली आणि अंघोळीला पळाली.

सहाव्या दिवशी मातीवर राखाडी लव दिसली. तीन हिरवी रोपं बुडाशी पिचून आडवी झाली होती, ओल्या दोऱ्यासारखी. पांढरी मात्र चारही ताठ उभी. फोन लावताना दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

रोपमास्तराने सगळं ऐकून घेतलं. ग्लुकोजचंही.

"ताई, तुम्ही बुरशीची पंगत बसवलीत."

"आता?"

"पांढरी काढा. भोवतालच्या मातीसकट. पडलेली काढा, वरचा थर खरवडा. मोकळी हवा द्या. पाणी दोन दिवस नाही. आत्ताच्या आत्ता करा, उद्यावर टाकाल तर हिरवं एकही दिसणार नाही."

तिने आईचा प्रयोगशाळेतला चिमटा आणला. मावशी शेजारी बसली, मांडीवर जुना पेपर पसरून.

"मी काढू का?"

"नको. तू कुंडी धर."

पडलेली तीन सहज निघाली. पांढऱ्यांना मुळं होती. बुडाशी तांदळाच्या कणीहून लहान कांदा धरला होता, चारही जणींनी. म्हणजे शिदोरीतून त्यांनी साठवायला सुरुवात केली होती. चौथीपाशी तिचा हात थांबला.

"ही राहू दे का?"

मावशी कुंडी घट्ट धरून होती. "माझ्या बहिणीने राहू दिली असती?"

"नाही."

"आणि बाकीच्या सात?"

तिने चौथी उपटली.

टेबलपंखा लावला, अगदी हळू. रात्रभर तिला तो ऐकू येत राहिला. सकाळी सहा उभी होती, सातवं झोपलं होतं. तेही काढलं. आई गेल्यावर घेतलेली रजा आदल्या दिवशी संपली होती. ऑफिसात जाऊन तिने पिशवी खाली ठेवली आणि आधी घरी फोन लावला.

"किती आहेत?"

"सहा."

साडेअकराला पुन्हा. "किती?"

"सहा गं बाई."

एकला. "नीट मोजलीस ना?"

"रोपं आहेत ती, कबुतरं नव्हेत उडून जायला! सहा. जेव आता."

तीन वाजता तिने फोन उचलला, आणि खाली ठेवला. पुढ्यातल्या कागदावरची एकच ओळ तिने चार वेळा वाचली. चारला फोन खणखणला, पडद्यावर मावशीचं नाव. तिला उचलवेना. पाचव्या घंटीला उचलला.

"काय झालं?"

"काही नाही. सहाच आहेत," मावशी म्हणाली. "तुझा फोन आला नाही, म्हणून मीच केला."