घुंगराचा आडोसा

मित्रांनो, मी एक जुना आडोसा आहे. आडोशाचं कसलं आलंय चरित्र, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. खुर्चीवर माणसं बसतात, आरशात स्वतःला न्याहाळतात, माझ्याकडे मात्र कुणी वळून बघत नाही. माझ्यामागे काय चाललंय ते कुणाला दिसू नये, हेच तर माझं काम. तीन लाकडी चौकटी, त्यांना जोडणाऱ्या पितळी बिजागऱ्या आणि चौकटींवर ताणून बसवलेलं मांजरपाटाचं जाड कापड, एवढाच माझा देह. महाडच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी कोपऱ्यात उभा असतो. मला दोन बाजू आहेत, त्यामुळे पुढे वाट बघणारा काय म्हणतो ते मला ऐकू येतं आणि मागे तयार होणाऱ्याच्या मनात काय चाललंय तेही थोडंफार कळतं.

पोलादपूरच्या धोंडू सुतारांनी मला शिवणीच्या झाडाच्या लाकडातून घडवलं. माणूस भारी चेंगट. स्टुडिओचे मालक सदूभाऊ दर दोन दिवसांनी एसटीने पोलादपूर गाठायचे आणि धोंडू सुतार आपले शांतपणे रंधा मारत बसलेले असायचे. एकदा सदूभाऊ वैतागले, तेव्हा सुतारांनी कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "आत लोकांच्या लेकीसुना उभ्या ऱ्हाणार. फट ऱ्हायली तर तुमचं काय जाईल? बोल मला लागल." मग सदूभाऊंनी पुन्हा घाई केली नाही. आज चाळीस वर्षं झाली, माझ्या चौकटी अजून हलल्या नाहीत. धोंडू सुतारांची आठवण आली की मला फार बरं वाटतं.

मी स्टुडिओत आलो त्याच महिन्यात एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. त्या काळी लग्न झालं की नवं जोडपं फोटो काढायला स्टुडिओत यायचं. गावाहून येताना साधी साडी, आणि शालू पिशवीत. पोलादपूरपलीकडच्या एका गावाहून अशीच एक नवी नवरी आली. तिचं नाव आनंदी. तिचा नवरा आणि दीर बाकावर बसले, ती माझ्यामागे गेली. सदूभाऊंनी बाहेरून विचारलं, "झालं का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. नवी नवरी ती, दिरासमोर मोठ्याने कशी बोलणार? सदूभाऊंना वाटलं, गप्प आहे म्हणजे झालं असेल. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. आनंदीचा शालू अजून अर्धाच नेसून झाला होता. ती भिंतीला चिकटली आणि रडायला लागली.

सदूभाऊ माणूस वाईट नव्हते हो. पाठ फिरवून ते तसेच बाहेर पडले, हात जोडून तिच्या नवऱ्याची माफी मागितली. पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याचं एक पितळी घुंगरू सोडवून आणलं आणि माझ्या मधल्या चौकटीला आतल्या बाजूने दोरीने बांधलं. नियम ठरला. आत कुणी असलं की सदूभाऊ बाहेर पायरीवर जाऊन उभे राहणार. घुंगरू वाजलं की आत येणार. नाही वाजलं तर नाही, मग बाहेर सगळं वऱ्हाड खोळंबलेलं असो.

त्या घुंगराने माझं नशीबच उजळलं. "सदूभाऊंच्या स्टुडिओत पोरीला एकटी पाठवली तरी घोर नाही," असं आया एकमेकींना सांगायच्या. ते ऐकून माझ्या बिजागऱ्या ताठ व्हायच्या. आनंदीसुद्धा पुढे महाडात राहायला आली, नवऱ्या मुलींना साड्या नेसवू लागली आणि माझ्यामागे तिची कायमची जागा झाली. आता सगळे तिला आनंदीबाई म्हणतात.

मग दिवस पालटले. घरोघरी मोबाइल आले, लग्नांचे फोटो मांडवातच निघू लागले. सदूभाऊ गेले आणि त्यांचा मुलगा किशोर धंदा बघू लागला. किशोरचा हात चांगला, नजर त्याहून चांगली. पण तो मांडवात शिकला आणि मांडवात फोटोग्राफर म्हणजे राजा. नवरीची हनुवटी दोन बोटांनी वर करायची, पदर ओढून सारखा करायचा, नवरदेवाच्या मामाला खांद्याला धरून बाजूला करायचं. कुणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांना फोटो हवा असतो. मला त्याने पोटमाळ्यावर टाकलं. सावित्री नदीला मोठा पूर आला तेव्हा पाणी तिथवर चढलं. माझं कापड कुजलं, पायांवर चिखलाची तपकिरी रेघ राहिली आणि घुंगरू गाळाने भरून मुकं झालं. तशी काही वर्षं गेली. मी रुसलो नाही, पण धूळ खात पडायला कुणाला आवडतं?

आणि यंदा माझी आठवण निघाली. बाजारपेठेतल्या भरतशेठनी आपल्या साडीच्या दुकानावर नवा मजला चढवला. हमरस्त्यावर मोठा फलक लावायचा आणि त्यावर मुंबईची मॉडेल हवी, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी मुंबईच्या एजन्सीकडे मागणी केली आणि फोटोंचं काम किशोरला दिलं. किशोरच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम. एजन्सी म्हणजे मॉडेलचं काम ठरवणारी, तिच्या वतीने बोलणारी कचेरी. तिथल्या शर्मिला मॅडमचं पत्र आलं. जे काही विचारायचं ते एजन्सीला विचारावं, मॉडेलचा फोन नंबर मागू नये. ठरलेल्या चार साड्या, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. कपडे बदलायला स्वतंत्र आडोसा हवा. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नये. एजन्सीने पसंत केल्याशिवाय एकही फोटो बाहेर जाऊ नये.

"आपण काय चोर हाय काय?" किशोर आनंदीबाईंना म्हणाला. साडी नेसवायला त्यांनाच बोलावलं होतं. आनंदीबाईंनी बोट वर करून पोटमाळा दाखवला. दोन दिवसांत माझ्या अंगावर नवं मांजरपाट चढलं. घुंगरू आनंदीबाईंनी स्वतः काडीने कोरून साफ केलं आणि चिंचेने घासलं. ते पहिल्यासारखं वाजलं तेव्हा मी लाकडाचा नसतो तर रडलोच असतो.

ठरल्या दिवशी सकाळी मॉडेल आली. तिचं नाव समीक्षा, वय एकवीस-बावीस, बरोबर शर्मिला मॅडम. किशोरने नवा शर्ट घातला होता आणि तोंडात "मॅडम, मॅडम" चाललं होतं. दोन साड्यांचे फोटो झकास झाले. घुंगरू वाजायचं, समीक्षा बाहेर यायची, किशोर लांबूनच "जरा डावीकडे बघता का?" असं विचारायचा. मला वाटलं, सदूभाऊच परत आले.

घोटाळा झाला चहाच्या वेळी. शर्मिला मॅडम फोन घ्यायला रस्त्यावर गेल्या होत्या, कारण आत आवाज तुटतो. भरतशेठनी समीक्षाला सहज विचारलं, मूळ गाव कुठलं? ती म्हणाली, पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याची वाडी. वडील मुंबईला नोकरीला, आजोबा चांगूबाबा अजून गावी शेती करतात. किशोरने कप खाली ठेवला. त्या वाडीत त्याच्या मामाचं घर होतं.

"चांगूबाबांची नात तू?" तो म्हणाला. "अगो, मग आधी नाय सांगायचं? लहानपणी तुमच्या पडवीत जेवलोय मी."

झालं. मॅडमची एका क्षणात घरची पोर झाली. मित्रांनो, आमच्याकडची ही खोडच आहे. परक्या माणसाशी आम्ही जपून वागू, नियमाने वागू. पण गावचं नातं निघालं की नियम म्हणजे अपमान वाटायला लागतो. शर्मिला मॅडम अजून फोनवरच होत्या. तिसरी साडी नेसून समीक्षा बाहेर आली, तर किशोरने सरळ पुढे होऊन तिचा पदर ओढून सारखा केला आणि दोन बोटांनी हनुवटी वर केली. भरतशेठनी खिशातून मोबाइल काढून दुकानाच्या ग्रुपवर टाकायला दोन फोटो घेतले. मग त्यांना कल्पना सुचली. उद्या सकाळी जवळच्या सव गावाला जायचं, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात हिला उभी करायची, अंगावर भिजलेली साडी, वर वाफ. किशोरलाही ती पटली. एजन्सीला कशाला सांगायचं, आपण घरचीच माणसं, नंबर तेवढा देऊन ठेव, असं तो म्हणाला. समीक्षा ओठांनी हसली आणि काहीच बोलली नाही. किशोरने ते होकारात धरलं.

चौथी साडी नेसायला ती माझ्यामागे आली तेव्हा तिने साडीची घडीच उलगडली नाही. आनंदीबाईंनी पिन खाली ठेवली आणि काय झालं ते हळूच विचारलं.

"बाबांनी एकाच बोलीवर हे काम करू दिलंय," समीक्षा म्हणाली. "कागदावर लिहिलंय तेवढंच. भिजलेल्या साडीतला फोटो वाडीत पोचला तर माझं काम बंद. एजन्सीही काढून टाकेल. आणि आता नाही म्हटलं, तर किशोरकाका आजोबांना सांगतील, पोर शेफारली. मी काय करू?"

आनंदीबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तिने काही बोलायचं नाही आणि घुंगराला हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मग त्यांनी सावकाश तिच्या निऱ्या घातल्या, पदर लावला. साडी नेसून झाली तरी दोघी तशाच उभ्या राहिल्या.

बाहेर पाच मिनिटं गेली, दहा गेली. "झालं का गो?" किशोरने विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग त्याची पावलं जवळ आली आणि माझ्या चौकटीवर हात पडला. अगदी बापासारखा हात, तसाच रुंद पंजा. चाळीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवून माझं लाकूड न् लाकूड शहारलं.

"किशोर, हात काढ," आनंदीबाई आतून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "घुंगरू वाजलंय का?"

"नाय, पण..."

"तुझ्या बापानं हे घुंगरू कोणासाठी बांधलं, ठाव हाय? माझ्यासाठी. मी नवी नवरी, तोंडातून शब्द फुटंना. त्याला वाटलं, गप्प हाय म्हणजे हो हाय. एकदाच चुकला तो. मग जन्मभर पायरीवर उभा ऱ्हायला. आन् तू? ही पोर मघा बाहेर गप्प ऱ्हायली, तवा तू काय समजलास?"

किशोरचा हात हळूहळू खाली गेला. ही गोष्ट त्याला कुणी कधी सांगितलीच नव्हती. मग मला त्याच्या चपलांचा आवाज लांब जाताना ऐकू आला, थेट पायरीपर्यंत. रस्त्यावरून त्याने शर्मिला मॅडमना बोलावलं आणि त्यांच्यासमोर एकेक गोष्ट स्वतःच्या तोंडाने कबूल केली. नंबर मागितला, सवचं विचारलं, न विचारता हात लावला. भरतशेठ मध्ये पडून म्हणाले की गावच्या पोरीशी एवढी लिखापढी कशाला.

"शेठ," किशोर म्हणाला, "दुकानात गिऱ्हाईक साडी अंगावर लावून बघतं, तेव्हा तुम्ही गादीवरून उठून त्याचा पदर सारखा करता का?"

भरतशेठनी दाढी खाजवली, मग मोबाइल काढून शर्मिला मॅडमच्या देखत ते दोन्ही फोटो पुसले. शर्मिला मॅडम रागावल्या, पण थोड्याच. सवची मागणी लेखी पाठवली असती तर आम्ही हिलाच विचारून नाही म्हटलं असतं, आणि तो नकार आमच्या नावावर गेला असता, हिच्या नाही, असं त्या म्हणाल्या. एजन्सी असते ती त्यासाठीच. किशोरला तेव्हा पत्राचा अर्थ लागला. मग तो माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "समीक्षा मॅडम, माझं चुकलं. चांगूबाबांकडे एक शब्द जाणार नाही. तुमचं झालं की या, आम्ही थांबलोय."

किशोर पायरीवर जाऊन उभा राहिला. मग घुंगरू वाजलं.

चौथ्या साडीतले फोटो सगळ्यात सुंदर आले. आता हात लावायचा नाही म्हटल्यावर किशोरने सगळं स्वतःवर करून दाखवलं. स्वतःची हनुवटी वर केली, ढेरीवरून नसलेला पदर खांद्यावर घेतला, मान लाजून कलती केली. समीक्षाला हसू आवरेना. तेच हसू आता फलकावर आहे. चांगूबाबा तो बघायला एसटीने महाडला आले आणि बराच वेळ फलकाखाली उभे राहून आल्यागेल्याला ही माझी नात म्हणून सांगत होते.

त्या दिवशी निघताना शर्मिला मॅडम म्हणाल्या की एजन्सीच्या यादीत या भागातला फोटोग्राफर म्हणून किशोरचं नाव घालायचं आहे, एक फोटो हवा. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलेला माणूस, त्याला घामच फुटला. त्याचा नवा शर्टही तोवर ओलाचिंब झाला होता. दुसरा शर्ट घेऊन तो माझ्यामागे आला. पहिल्यांदाच. बटणं लावून झाली, भांग पाडून झाला, तरी पाय उचलेना. सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं, या कल्पनेनेच तो अवघडला होता. बाहेरून भरतशेठ हाका मारत होते, "अरे, आटप की."

समीक्षाने कॅमेरा हातात घेतला होता. ती म्हणाली, "थांबा हो शेठ. काका, सावकाश होऊ द्या. घुंगरू वाजल्याशिवाय मी बटण दाबणार नाही."

तेव्हा किशोरने माझ्या चौकटीवर हात ठेवला, आधाराला ठेवावा तसा, आणि खोल श्वास घेतला. एवढ्या वर्षांत इतक्या जणांनी माझ्यामागे उभं राहून दीर्घ श्वास घेतला, पण या श्वासाने मला सगळ्यात जास्त समाधान दिलं. मित्रांनो, मला तेलपाणी थोडं करा, ओल लागू देऊ नका, बाकी माझं काही मागणं नाही. फक्त कुणी माझ्यामागे गप्प उभं असेल, तर तुम्ही पायरीवर थांबा. कितीही जवळचं माणूस असलं, तरी थांबा. किशोरने हात वर नेला, दोरी धरली आणि घुंगरू वाजवलं.