गाडी म्हणायचं नाही

…टक्. पुन्हा टक्. सीट बेल्टचं चपटं, थंड बकल तिच्या हातात उघडत होतं, मिटत होतं. नमुन्याचा पट्टा, दोन्ही टोकं मोकळी, कुठल्याच खुर्चीला न जोडलेला. तो लावून आपण कशालाच बांधले जात नाही, बांधून कसं घ्यायचं ते फक्त इतरांना दाखवतो… आणि त्या आवाजावर मन ठेवून ती ओठांतल्या ओठांत घोकत होती — विमान, विमान, विमान, गाडी.

झालं. पुन्हा गाडीच.

पण मामांच्या बसवर इतकी वर्षं कंडक्टर म्हणून उभी राहिलेली बाई दुसरं म्हणणार तरी काय? मामांनी बस विकून विमान आणलं — एकच, जुनं, संडासाच्या दारावर आधीच्या मालकाच्या अगम्य भाषेतली धमकीवजा सूचना असलेलं — आणि बसवरच्या भाचीलाही वर चढवलं. सख्ख्या भाचीला हवाई सुंदरी म्हणायची त्यांना लाज वाटे, म्हणून ते 'हवाई कंडक्टर' म्हणत. गणवेश विमानाच्या पडद्यांतून उरलेल्या कापडाचा होता. पडद्याशेजारी उभी राहिली की तिचे हात आणि चेहरा तेवढे उरत.

"चिमणे," सकाळी मामा शिडीपाशी म्हणाले होते (या चिमणीला विमानाच्या दारातून वाकून आत यावं लागे), "निरीक्षक बाई पहिल्या रांगेत बसणार. त्या हो म्हणाल्या तर तू वर. नाही म्हणाल्या तर दुसरी मुलगी घ्यावी लागेल, माझा इलाज नाही. आणि खाली आता आपली बस नाही. तेव्हा गाडी म्हणायचं नाही. अजिबात."

"आणि तुम्ही म्हणता ते?"

"मी कधी म्हणालो?" मामा वळले आणि कॅप्टनला विचारू लागले, "काय साहेब, गाडीची हवा बघितली ना?"

कॅप्टनने मान हलवली. उभे प्रवासी किती घेता येतील, असं मामांनी पहिल्या भेटीत विचारल्यापासून तो त्यांच्याशी मानेनेच बोलत असे.

खाली आता बस नाही… हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नव्हतं. काल आईचा फोन. "भाऊ म्हणतो म्हणून जातेस, जा बाई. पण मधेच कुणाला उतरायचं झालं तर?" "आई, वर थांबे नसतात." "मग तू काय करणार तिथे?" — हसले होते मी. नंतर भांडी विसळताना हसू ओसरलं. बसमध्ये मी कोण ते मला ठाऊक होतं. पुढे सरका, दारात उभे राहू नका, अहो काका, पिशवी मांडीवर घ्या… इथे सगळे आधीच शहाण्यासारखे बसलेले. कुणाला सरकवायचं, आणि कुठे?

दार बंद झालं. तिने माइक घेतला. समोर निरीक्षक बाई. पांढरा बॉबकट, हात मांडीवर, नजर सरळ. स्वागत झालं. दारं दाखवून झाली. बकलसुद्धा एका दमात टक् झालं, आणि सगळं नीट पार पडलं या आनंदात ती मोकळेपणाने म्हणाली, "थोड्याच वेळात गाडी सुटेल."

शेवटच्या रांगेत मामांनी डोळे मिटले.

"विमान," ती घाईने म्हणाली, "विमान सुटेल."

"सुटेल?" खिडकीशी बसलेले एक काका दचकले. "म्हणजे कुठून सुटेल?"

"गप्प बसा हो," त्यांची बायको म्हणाली. "बाई, तुम्ही आपलं गाडीच म्हणा. जिवाला बरं वाटतं."

चारदोन जण हसले. निरीक्षक बाई हसल्या नाहीत.

संपलं, असं मनाशी म्हणत ती घडीच्या खुर्चीवर बसली. प्रवाशांकडे तोंड करून, तळहात मांड्यांखाली — नियमच तसा. कामावर असताना चालत्या वाहनात ती कधी बसलीच नव्हती. पाय उगाच जमीन चाचपत राहिले. मग धावपट्टी मागे पळाली, जमीन सुटली, आणि ढगात शिरताच विमान असं थरथरलं की डोक्यावरचे कप्पे कडाकडा वाजले.

कुणी ओरडलं नाही. कुणी खिडकीबाहेरही पाहिलं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते.

तिला आधी वाटलं, गणवेश उसवला असेल. मग कळलं… चेहरा. बसमध्ये लोक रस्त्याकडे बघायचे, ड्रायव्हरच्या मानेकडे, फार तर तिच्या हातातल्या तिकिटांकडे. चेहऱ्याकडे कोण बघतंय? इथे रस्ता नव्हता. घाबरायचं की नाही, हे ते तिच्या तोंडावरून वाचत होते — ते काका, त्यांची बायको, मान लांब करून मामासुद्धा. निरीक्षक बाईही. त्यांची बोटं खुर्चीच्या हातांत रुतली होती आणि नजर अजून तिच्यावरच होती. आता ती नजर तपासत होती की विचारत होती, काही केल्या ठरेना.

आणि माझं तोंड काय करतंय? मला तर ते दिसतच नाही.

विमान पुन्हा हादरलं. घाबरलोय का आपण? तिने प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. उत्तर लगेच आलं नाही. ते येईपर्यंत ती सगळ्यांना दिसेल अशी बसून राहिली, घाई न करता.