बावीस नंबरचे फिकट ठिगळ

“धागा ओढू नकोस, अगं. कापड आपल्या चालीनं येऊ दे. आणि सुई खाली सोडण्याआधी उलटी बाजू बघ.”

मित्रांनो, हे शब्द आनेझ्काबाई क्रात्कींचे. त्या आपल्या लेकीला, बोझेनाला, शिवण शिकवत होत्या. लेक ज्याच्यावर शिकत होती, ते शिवणयंत्र म्हणजे मी. आता मी जुना झालो आहे. माझ्या काळ्या अंगावरची सोनेरी वेल पुसट झाली आहे, चाकाचा चामडी पट्टा वाळून तडकला आहे. पण हे शब्द काही पुसले गेले नाहीत.

माझा मुक्काम अमेरिकेतल्या वेल्डन कॉलेजच्या फुटबॉल मैदानात, गॅलरीखालच्या तळघरातल्या खोलीत; फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू हातात धरून धावायचा. बाहेर मक्याची शेते आणि प्लॅट नदी; पण मी ती कधी पाहिली नाहीत. मी पाहिले ते फक्त लाल शर्ट. शनिवारी सामना होई. रविवारी प्रार्थना आटोपली की फाटलेल्या शर्टांचा ढीग माझ्यासमोर येई. डोक्यावर ऐंशी हजार माणसे पाय आपटू लागली की माझ्या बॉबिनी थरथरत. त्या थरथरीवरून मी ओळखत असे, आपले जिंकताहेत की हरताहेत.

लोक म्हणत, वेल्डनचा संघ थोर आहे. पण तो थोर कशामुळे, हे मला आजवर समजलेले नाही. ऐकायला मात्र पुष्कळ मिळाले. शर्ट घ्यायला येणारा प्रत्येक जण माझ्या टेबलाला टेकून बोलायचा.

कोच ब्रॅनिगन म्हणायचे, “थोरपणा म्हणजे जिंकणं. बाकीची सगळी भाषणं.” मी ते मनाशी धरून ठेवले. मग त्यांनी एका वर्षी एक सोडून सगळे सामने जिंकले, आणि तो एक हरला म्हणून गावाने त्यांना पिटाळून लावले. मी गोंधळलो. त्यानंतर आठ वर्षे आम्ही हरतच होतो, तरी वर गॅलरीत एकही जागा रिकामी राहिली नाही. बँडचे मास्तर म्हणाले, “हेच ते. हरतानाही जे येतात, त्यांच्यामुळे संघ मोठा.” मला ते पटले. तेवढ्यात शेजारच्या राज्यातल्या कॉलेजची गोष्ट निघाली. त्यांनी आमच्यापेक्षा जास्त सामने जिंकले होते, त्यांची गॅलरीही भरत असे, पण त्यांना थोर म्हणायला कोणी तयार नव्हते. “का?” असे एकाने विचारले. मास्तर म्हणाले, “ते नवीन आहेत.” मग जुने असणे म्हणजे थोर असणे का? तसे असेल तर मीही थोरच की. पण मला तर दोनदा भंगारात काढायला निघाले होते.

असो. मी माझ्या कामाबद्दल सांगतो, ते मला नीट ठाऊक आहे.

आनेझ्काबाईंच्या काळात सलग काही वर्षे पाऊस पडला नाही, धुळीची वादळे आली आणि कॉलेजात नवे कापड येईनासे झाले. फाटलेल्या शर्टाला ठिगळ लावायचे कशाचे? तेव्हा सरावाच्या तुकडीतली मुले पुढे आली. ही तुकडी म्हणजे आठवडाभर समोरच्या संघाचे सोंग घेऊन आपल्याच मोठ्या खेळाडूंचे धक्के खाणारी मुले. शनिवारी ती कडेला उभी राहत. त्यांनी आपल्या शर्टांच्या खालच्या पट्ट्या कापून दिल्या. “आम्ही नाही तर आमचा तुकडा तरी मैदानात जाऊ दे,” असे म्हणाली. पुढे कापडाची टंचाई संपली, पण रीत टिकली. शेवटच्या वर्षी असलेली सरावाची मुले आपल्या शर्टाची पट्टी कापून बाईंच्या हाती देत. ती आतून ठिगळ म्हणून लागे. रोज धुऊन धुऊन तो कपडा फिकट पडलेला असे. म्हणून बाहेरून पाहिले तर फाटल्या जागी फिकट लाल रेघ दिसायची, तीही माहीत असलेल्यालाच.

आनेझ्काबाईंनंतर बोझेना माझ्यापुढे बसू लागली. मुले तिच्या आईला ‘तेता’ म्हणत, म्हणजे त्यांच्या आजीआजोबांच्या बोलीत मावशी. ती हाक हिलाही चिकटली. ती एकोणतीस वर्षांची होती आणि एकवीस वर्षांचे धिप्पाड गडी तिला तेता म्हणत होते. तिचे एक व्रत होते. ज्याचे कापड हाती असेल त्याचे नाव घेऊन ती आधी प्रार्थना करी, मगच सुई खाली सोडी. सामन्याच्या दिवशी शेवटचा शर्ट शिवून होईपर्यंत काही खात नसे. खसखस भरलेले गोड पाव, ज्यांना ती कोलाचे म्हणे, फडक्यात बांधून बाजूला ठेवलेले असत.

सन एकाहत्तरचा नोव्हेंबर. त्या दिवशीचा सामना जिंकला की विजेतेपद आमचे होते. बाहेर हिमवर्षाव चालला होता. मध्यंतराला दार उघडले आणि बावीस नंबरचा लॉयल हार्कनेस आत आला. त्याच्या शर्टाचा खांदा वीतभर फाटला होता. त्याच्यामागून डेल हाव्रान आला. डेल सरावाच्या तुकडीतला, चार वर्षांत एक क्षणही सामना न खेळलेला. त्याने कात्री उचलली आणि आपल्याच शर्टाची पट्टी कापली.

“तेता, हे माझं लावा.”

लॉयल हसला. “म्हणजे हाव्रान, शेवटी तू माझ्या खांद्यावर बसणारच.”

“चार वर्षं तू माझ्या छातीवर बसलास,” डेल म्हणाला. “आज अर्धा सामना मी बसतो. हलू नकोस, तेताला शिवू दे.”

“अरे, शर्ट काढ आधी,” बोझेना म्हणाली. “अंगात ठेवून का मशीनखाली मान घालणार आहेस?”

शर्ट माझ्याखाली आला. तिने उलटी बाजू वर घेतली, पुटपुटत डेलचे नाव घेतले. मला आठवते, त्या दिवशी तिचे हात थंडीने लाल झाले होते, पण टाका एकही वाकडा पडला नाही. डेल बाजूला उभा राहून बघत होता. मग हळूच म्हणाला, “सामना संपला की हे काढून टाकतील ना?”

“कोण काढेल?” ती म्हणाली. “मी आहे तोवर हे ठिगळ निघणार नाही. शब्द देते.”

सामना संपायला दोन मिनिटे असताना लॉयलने चेंडू छातीशी धरून पलीकडच्या टोकाला नेला. मी ते पाहिले नाही. माझ्या बॉबिनी टेबलावरून खाली पडल्या, त्यावरून कळले, आपण जिंकलो.

तो शर्ट काचेच्या पेटीत गेला. वर्षे गेली. संघासाठी दर हंगामाला नवेकोरे शर्ट येऊ लागले. फाटला की दुसरा. सरावाची मुले तेव्हाही होती, पण त्यांच्या पट्ट्या कोणी मागेना. बोझेना घरी बसली. माझ्यावर खोकी रचली गेली. एकाने माझ्या टेबलावर रंगाचा डबा ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. मला राग नाही आला. फक्त समजले नाही, की काल ज्याच्यापुढे बसून प्रार्थना व्हायची, त्याची आज अडगळ कशी होते.

या वर्षी कॉलेजने नवे दालन बांधले. ‘आम्ही थोर कशामुळे?’ हे तिथल्या भिंतीवर लिहायचे ठरले. एक समिती बसली. ते काम मार्लिस टेट या तरुण बाईंकडे आले. माझीही तिथे मांडणी करायची म्हणून त्या माझ्यावरची खोकी काढत होत्या. माझी माहिती विचारायला त्यांनी गुरुवारी सकाळी बोझेनाला बोलावले. ती त्र्याऐंशी वर्षांची झाली आहे. काठी टेकत आली, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पट्टा पार गेलाय रे तुझा.”

मार्लिसबाईंनी तिला भिंतीवरचा मजकूर वाचून दाखवला. “सहा राष्ट्रीय विजेतेपदं. साठ वर्षं भरलेली गॅलरी. चव्वेचाळीस खेळाडू मोठ्या संघांत गेले. कसं वाटतं, मिस क्रात्की? समितीत यावरून तीन महिने भांडण चाललंय.”

“वाचलंस ते सगळं खरं आहे.”

“पण?”

“पण काही नाही. बावीस नंबरचा शर्ट कुठे आहे? परवा शनिवारी पहिला सामना. डेल हाव्रान यायचाय. दरवर्षी येतो, काचेपुढे उभा राहतो, कोणाला काही न बोलता निघून जातो. या वर्षी नातीला आणतोय. फोनवर म्हणाला, तेता, डोळे चाललेत माझे, दिसतंय तोवर तिला माझा तुकडा दाखवतो.”

मार्लिसबाईंचा चेहरा उतरला. “कुठला तुकडा?”

बोझेनाने सगळे सांगितले. मार्लिसबाई मधेच खाली बसल्या, माझ्याच पायडलवर. “मिस क्रात्की, तो शर्ट साफ करायला दिला होता. साफ करणाऱ्यांनी लिहून कळवलं, खांद्यावर नंतर कोणीतरी वेगळ्या रंगाचं ठिगळ लावलंय. आम्ही त्या सामन्याचा जुना फोटो शोधून पाहिला. गावातल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात लावलेला तो फोटो. त्यात ठिगळ नाही.”

“तो फोटो मध्यंतराच्या आधीचा.”

“मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, नंतरचं आहे. खरा शर्ट दाखवायचा म्हणून काढायला सांगितलं. सही माझीच आहे.”

मी बोझेनाच्या हातांकडे पाहत होतो. मला वाटले, ती रागावेल. तिने पिशवीतून जपमाळ काढली, एक मणी फिरवला आणि विचारले, “उलटी बाजू कोणी पाहिली होती का गं?”

“नाही.”

“आतल्या बाजूला मी त्याच्या नावाची दोन अक्षरं टाक्यांत घातली होती. तुकडा फेकला?”

“नाही, नाही. पाकिटात ठेवलाय. ‘नंतरची भर’ असं लिहून.” त्यांनी मान खाली घातली. “पण आता काचेतल्या शर्टाला हात लावायचा तर समितीनं होकार द्यायला हवा. बैठक पुढच्या महिन्यात.”

“आणि शनिवार परवा,” बोझेना म्हणाली. “बरं.” काठी उचलून ती निघून गेली.

मित्रांनो, त्या दिवशी मी सर्वांत जास्त गोंधळलो. भिंतीवर सहा विजेतेपदे होती. त्यांतले एक मिळवून देणाऱ्या शर्टाचा खांदा दोन माणसांचा होता आणि त्यातला एक जण पाकिटात ‘नंतरची भर’ झाला होता. तो काढल्याने शर्ट खरा झाला की खोटा? मी लोखंडाचा. मला एवढेच कळते, की टाका उसवला तर दोन्ही कापडे सुटतात.

आज शुक्रवार. सकाळची प्रार्थना करून बोझेना परत आली. तिच्या पिशवीत तेलाची बुधली होती, नवा चामडी पट्टा होता आणि लाल धाग्याची जुनी रीळ होती. सामना उद्या होता, तरी तिने काही खाल्लेले नव्हते. कोलाचे फडक्यात बांधून बाजूला ठेवले होते. तिने माझ्या सांध्यांत तेल सोडले. वीस वर्षांनी माझे चाक फिरले. आधी कुरकुरले, मग नुसताच श्वास घेतल्यासारखा आवाज आला.

तेवढ्यात मार्लिसबाई आल्या. माझ्या टेबलावर, रंगाच्या डागाशेजारी, त्यांनी दोन गोष्टी ठेवल्या: ते पाकीट आणि शर्टाच्या काचपेटीची किल्ली.

“तुम्ही चोरून घेतली असं मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “विचारलं तर सांगेन, मी दिली.”

“तुझी नोकरी जाईल, बाळ.”

“सही माझी होती. माझीच चूक आहे, मिस क्रात्की. तुम्ही शब्द दिला होता, मी तर विचारलंही नाही. जिन्याला कठडा आहे, पण सावकाश चढा. मी येऊ का बरोबर?”

“नको. तू इथे बस. हे तेल टिपून घे, नाहीतर कापडाला डाग पडेल.”

मित्रांनो, एखादा संघ थोर कशामुळे होतो, हे मला अजून सांगता येत नाही. पण तुमच्या घरात, शाळेत जुने काही असेल, तर ते टाकण्याआधी, साफ करण्याआधी, एवढे करा: ते उलटे करून बघा. आतल्या बाजूला कोणाची तरी दोन अक्षरे असतात. आणि वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. आम्ही बोलत नाही, पण वाट पाहतो.

बोझेनाने धागा ओवला. कापड दाबणारा माझा पाय तिने वर उचलून ठेवला. पाकिटातला फिकट तुकडा तिने माझ्या टेबलावर उलट्या बाजूने पसरला आणि हलक्या आवाजात डेलचे नाव घेतले. मग किल्ली मुठीत धरली, कठडा पकडला आणि शर्ट खाली आणायला एकेक पायरी चढू लागली.